मनूला पत्र: ओवीची किडनी आणि तुझी

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की माझ्याच हातून बंद झाला, ते मला अजून कळलेलं नाही. "आई, ती माझी मुलगी आहे," एवढं ऐकू आलं आणि पुढे काहीच नाही. मी तशीच फोन कानाला लावून बसले होते. बाबांनी खोलीत येऊन दिवा लावला तेव्हा लक्षात आलं, अंधार पडलाय.

तेव्हापासून चारदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. बोलायला लागले की माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, आणि मागून ओवी विचारते, "आजी रागावली?" त्यापेक्षा लिहिलेलं बरं. लिहिताना चुकलं तर खोडता येतं.

आधी माफी मागते. "एवढ्याशा जिवाचं पोट फाडायची तुम्हाला घाई झालीय," असं मी म्हणाले. ते शब्द माझ्या तोंडून जायला नको होते. घाई तुम्ही केलेली नाही. जवळजवळ अडीच वर्षं रोज रात्री झोपण्याआधीचं तिचं औषध तू चुकवलेलं नाहीस. दादाकडे जाताना रात्रीच्या गाडीत, हलत्या उजेडात तू टोपणात औषध मोजत होतीस आणि दोन थेंब सांडले म्हणून सगळं पुन्हा मोजलंस. मी वरच्या बर्थवरून बघत होते. तुला वाटलं मी झोपलेय.

ओवीची लघवी पिशवीतून उलटी किडनीकडे चढते, त्या रिफ्लक्सच्या ऑपरेशनबद्दल, आज फक्त तेवढंच लिहायचं असं ठरवून बसलेय. तू स्वतःचं बीपी मोजलंस का, हे विचारणार नाही.

निखिलने काल रात्री सगळे रिपोर्ट पाठवले. त्याला बोलू नकोस, मीच मागितले. चष्मा पुसून दोनदा वाचले. पहिला एमसीयू, म्हणजे पिशवीत औषध भरून काढलेला एक्स-रे, ती दहा महिन्यांची असतानाचा, दुसरा गेल्या महिन्यातला. डावीकडे तेव्हाही पाचपैकी ग्रेड चार, आताही चार. उजवीकडे दोन. त्या फिल्मवर पिशवीतलं पांढरं औषध डाव्या नळीतून वर चढत थेट किडनीपर्यंत गेलंय, नळी फुगलीय, आणि किडनीतले कपासारखे कोपरे बोथट झालेत. मग डीएमएसए, किडनीवरचे व्रण दाखवणारा स्कॅन. पहिल्या स्कॅनमध्ये दोन्ही किडन्या स्वच्छ होत्या. आताच्या स्कॅनमध्ये डावीच्या वरच्या टोकाला औषध धरलेलंच नाही, तिथे रिकामी खाच दिसते, आणि एकूण कामातला डावीचा वाटा ३८ टक्के लिहिलाय. तिसऱ्या तापानंतर पाच महिने थांबून केलेला स्कॅन आहे, म्हणजे ही तापातली तात्पुरती सूज नव्हे. हा व्रण आहे. तो भरून येत नाही.

फोनवर तू हेच सांगत होतीस. मी ऐकून घेतलं नाही. "थांबा थोडं, मोठी झाली की आपोआप जातं," हेच घोकत राहिले.

आपोआप जातं हे खरं आहे, पण सगळ्यांचं नाही. मूत्रवाहिनी लघवीच्या पिशवीत सरळ शिरत नाही, तिरकी शिरते आणि आतल्या अस्तराखालून थोडं अंतर चालून मग उघडते. पिशवी भरली, आवळली, की तेवढा तुकडा दाबला जातो आणि वर जायची वाट बंद. ओवीचा तो तुकडा जन्मतःच आखूड आहे. मूल वाढतं तशी पिशवी वाढते, तुकडाही लांबतो, म्हणून ग्रेड एक-दोन बहुतेकदा वयाबरोबर जातात. तिची उजवी बाजू तशीच जाईल अशी मलाही आशा आहे. चारचं तसं नसतं. काहींचं जातं, पुष्कळांचं जात नाही, आणि दोन वर्षांत एक पायरीही खाली उतरलं नाही तर पुढच्या दोन वर्षांवर किती विसंबायचं?

आणि हो, तुझ्या मामेसासूबाई काय म्हणाल्या ते माझ्या कानावर आलंय. तू पोटुशी असताना काय खाल्लंस, किती धावपळ केलीस, याचा त्या आखूड तुकड्याशी कसलाही संबंध नाही. तो बाळाचं शरीर घडताना घडतो. कोणी काही केल्याने होत नाही, न केल्याने टळत नाही. हे वाक्य मनातल्या मनात म्हणू नकोस, त्यांच्यासमोर म्हण.

घराण्यातून मात्र येतं. त्याबद्दल पुढे लिहीन. नाही, आज लिहिणारच नाही.

आता मी फोनवर सांगितलं त्याचं. मी म्हणाले होते की ऑपरेशन केलं काय आणि औषध दिलं काय, किडनीवरच्या व्रणात फरक पडत नाही, मोठ्या अभ्यासात सिद्ध झालंय. ते खोटं नव्हतं. युरोप आणि अमेरिकेत मिळून जो आंतरराष्ट्रीय रिफ्लक्स अभ्यास झाला, त्यात एका गटाचं ऑपरेशन केलं, दुसऱ्याला रोजचं औषध दिलं, आणि पुढे नवे व्रण दोन्हीकडे सारखेच निघाले. पण त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या मुलांना तापाची इन्फेक्शनं कमी झाली होती. हा अर्धा भाग मी गाळला. मला तो माहीत होता, मनू. ती एवढीशी पोर टेबलावर, तोंडावर मास्क, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि जे थांबायला सांगत होतं तेवढंच मी उचललं.

दुसरा अभ्यास माझ्या निळ्या वहीत उतरवून ठेवलाय. अमेरिकेतला, २०१४ सालचा. ग्रेड एक ते चारची ६०७ मुलं. अर्ध्यांना दोन वर्षं रोज तेच औषध, जे ओवी घेते, आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं पण आत औषध नसलेलं. नुसत्या द्रावणावरच्या ३०५ मुलांपैकी ७२ जणांना पुन्हा इन्फेक्शन झालं, औषधावरच्या ३०२ पैकी ३९ जणांना. म्हणजे औषधाने जवळजवळ निम्म्यावर आणलं. तेव्हा तुम्ही औषध सुरू केलंत ते शंभर टक्के बरोबर केलंत. पण औषध चालू असूनही ज्यांना ई. कोलाय या जंतूचं इन्फेक्शन झालं, त्यांच्यात निम्म्याहून जास्त वेळा जंतू त्या औषधाला दाद न देणारा निघाला. ओवी त्या ३९ जणांसारखी आहे. एकदा नाही, दोनदा.

तिसऱ्या कल्चरचा, लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून बघतात त्याचा, रिपोर्ट उघडला आणि माझ्यासमोर प्लेटच उभी राहिली. ३१ वर्षं लॅबमध्ये तेच केलं ना. मॅककॉन्कीवर उगवलेल्या गुलाबी कॉलन्या, एका मिलीलीटरमागे एक लाखाच्या वर. मग सेन्सिटिव्हिटीची प्लेट, तिच्यावर औषधांच्या कागदी चकत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल कडं उमटतं, तिथे जंतू वाढत नाहीत. ओवीच्या रोजच्या औषधापुढे 'आर' लिहिलंय, म्हणजे रेझिस्टंट, जंतू दाद देत नाही. तुम्हाला ते एक अक्षर दिसतं. मला ती चकती दिसते, जिच्या कडेला चिकटून जंतू उगवलेत. अडीच वर्षं तू रोज रात्री मोजून दिलेलं औषध.

ते पाहिलं आणि मी फाईल मिटली. पुढचं सकाळी वाचलं.

तू रागावशील, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काही मला लिहिता येणार नाही. तू दोन वर्षांची असताना पहिल्यांदा तसा ताप आला होता. १०३. खोकला नाही, सर्दी नाही, घसा जरासा लाल. हीव भरून दात वाजत होते. डॉक्टरांनी टॉन्सिल सांगितले. मी तुझ्या घशाचा स्वॅब घेतला, लॅबमध्ये नेला, स्वतःच्या हाताने प्लेटवर ओढला. काही उगवलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ताप, पुन्हा स्वॅब. पहिलीत असताना दोनदा. दर वेळी अँटिबायोटिक मिळालं, दोन-तीन दिवसांत ताप उतरला, तू पुन्हा जिन्यावरून उड्या मारायला लागलीस आणि आम्ही विसरलो. त्या दिवसांत तुझ्या दुपट्याला एक वास यायचा. मनू, मी दिवसाला साठ-सत्तर लघवीची सॅम्पलं हाताळणारी बाई. झाकण उघडलं की पस सेल्स, पुवाच्या पेशी, भरपूर असणार हे मला मायक्रोस्कोपच्या आधी नाकाने कळायचं. तो वास घरी कळला नाही. दुपटं भिजत टाकलं आणि कामावर पळाले.

सातव्या वर्षापर्यंत तू अंथरूण ओलं करायचीस. मी चिडायचे. एकदा शकूमावशीच्या मुलींसमोर बोलले, तर तू संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर आली नाहीस. बाबांनी तुझी चादर आत सरकवली होती.

तुझ्या घशाचा स्वॅब मी दोनदा लावला. लघवी एकदाही नाही.

आणि तू? ओवी नऊ महिन्यांची, ताप चढलेला, सगळे म्हणताहेत दात येताहेत. तिसऱ्या दिवशी तू दवाखान्यात उभी राहून म्हणालीस, "हिची लघवी तपासायची आहे." डॉक्टर गरज नाही म्हणाले तरी तू खुर्चीतून उठली नाहीस. पिशवी चिकटवून घेतलेल्या सॅम्पलमध्ये मिश्र जंतू आले, तर पुन्हा नळी घालून सॅम्पल घ्यायला लावलंस. तिला धरून ठेवताना तू रडत होतीस, पण धरून ठेवलंस. मी नंतर विचारलं, हे सुचलं कसं? तर म्हणालीस, "तूच नाही का म्हणायचीस, ताप आहे आणि बाकी काहीच नाही, तर लघवी बघा." म्हणायचे खरी. जेवताना बाबांना सांगायचे, दुसऱ्यांच्या मुलांबद्दल. तू पाटावर बसून ऐकत होतीस हे मला माहीतही नव्हतं.

जे मला माझ्या मुलीसाठी जमलं नाही ते तुला तुझ्या मुलीसाठी जमलं. ओवीचा पहिला स्कॅन स्वच्छ आला तो तुझ्यामुळे. हे मी फोनवर म्हणायला हवं होतं, आणि म्हणाले काय तर पोट फाडायची घाई.

असो. ऑपरेशनचं बोलते.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. दुसरं औषध घेऊन अजून थांबणं, जेलचं इंजेक्शन, किंवा नळी नव्याने बसवायचं ऑपरेशन. चौथी, औषध बंद करून नुसतं लक्ष ठेवायची वाट, तिच्या बाबतीत मी विचारातही घेणार नाही. स्वीडनमध्ये एक-दोन वर्षांच्या, ग्रेड तीन-चारच्या मुलांवर अभ्यास झाला होता. नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलींपैकी ५७ टक्के मुलींना दोन वर्षांत पुन्हा ताप आला, औषधावरच्या १९ टक्के. मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त.

इंजेक्शन मला पहिल्यांदा आवडलं होतं, खरं सांगते. कापाकापी नाही, भूल देऊन लघवीच्या वाटेने दुर्बीण घालायची, नळीच्या तोंडाखाली जेल टोचून उंचवटा करायचा, त्याच दिवशी घरी. पण ग्रेड जितकी वरची तितकं त्याचं यश खाली येतं, एकदा करून भागलं नाही तर दुसऱ्यांदा भूल. ऑपरेशनमध्ये नळी पिशवीपासून सोडवून अस्तराखालून नवा लांब बोगदा करून बसवतात. तुमच्या सर्जननी कोहेनची पद्धत लिहिलीय, ती १९७५ पासून चालत आलेली आहे, नवा प्रयोग नाही. शंभरात पंचाण्णवाहून जास्त मुलांचं उलटं जाणं त्याने थांबतं. एवढा मोठा आकडा वैद्यकात फार ठिकाणी मिळत नाही.

तुला काय वाटतं ते तू ठरव. मला विचारशील तर, मी आता थांबायच्या बाजूची नाही. थांबणं म्हणजे ताप न येता दिवस जाणं. औषध चालू असताना दोनदा ताप आला आणि दुसऱ्याने खाच पाडली, त्यानंतर जे चाललंय त्याला मी थांबणं म्हणणार नाही. हे लिहिताना माझा हात थरथरतोय, अक्षरावरून तुला कळेलच. पण लिहिलंय ते विचार करून.

सर्जनकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचाराच. उजवीकडच्या ग्रेड दोनचं काय? एकाच वेळी दोन्ही बाजू करणार की डावीच? कारण कधीकधी एक बाजू दुरुस्त केली की दुसरीकडचं उलटं जाणं वाढलेलं दिसतं. दुसरं, नवी बसवलेली नळी सुजून अडली तर कसं कळणार, आणि नंतरची सोनोग्राफी कधी? तिसरं, ऑपरेशननंतर रोजचं औषध किती दिवस चालू ठेवायचं? सर्जन उत्तर लिहून देत नाहीत, तेव्हा निखिलला वही घेऊन बसव. तू बसू नकोस, तुझं लक्ष ओवीकडे असतं.

आणि त्याआधी तिचं पोट साफ होतंय का बघा. तू म्हणालीस की चार-चार दिवस होत नाही आणि शू लागली तरी पाय एकमेकांवर आवळून, टाचेवर बसून खेळत राहते. तिला खेळ सोडवत नाही, एवढंच ते नाही. दाबून ठेवलेली पिशवी जोरात आवळते, तो दाब नळीत वर जातो, आणि भरलेलं आतडं पिशवीला नीट रिकामं होऊ देत नाही. हे तसंच राहिलं तर इन्फेक्शन पुन्हा होतं आणि ऑपरेशनचं यशही कमी होतं. दर दोन-अडीच तासांनी बसव, लागो न लागो. पाय लोंबकळत ठेवू नकोस, खाली पाट दे. गुडघे फाकून, निवांत. बालवाडीच्या बाईंना चिठ्ठी दे की हिने विचारलं तर लगेच पाठवा. पाणी सकाळपासून थोडं थोडं. डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं औषध दिलंय ते दोन दिवस बरं वाटलं म्हणून बंद करू नकोस, तुझी ती सवय आहे, अँटिबायोटिकचंही तू कॉलेजात...

बघ, लागले शिकवायला. ज्या बाईने अडीच वर्षं एक डोस चुकवला नाही तिला मी औषध बंद करू नकोस म्हणून सांगतेय. खोडणार होते, पण राहू दे. माझ्या भीतीला तोंड असं फुटतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

ऑपरेशननंतरचं मात्र ऐक, कारण तिथे तू घाबरशील. खालच्या पोटावर चड्डीच्या रेषेत आडवा छेद असेल. कॅथेटर काही दिवस राहील. लघवी लालसर येईल, पहिल्या दिवशी चांगलीच लाल, मग गुलाबी, मग साधी. पिशवीत चमका येतात. मूल झोपेतून एकदम किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मिनिटाभरात शांत होतं. त्याचं वेगळं औषध असतं, नर्सला लगेच सांग, "थोडं सहन कर बाळा" म्हणत बसू नकोस. कॅथेटर निघाल्यावर पहिली शू जळजळेल आणि ती दाबून धरेल. तेव्हा तिच्याशी बोलत राहा. मी येते म्हणाले तर तू बघते म्हणालीस. मी येणार आहे. दारात बसेन, मधे बोलणार नाही. छोटूला सांभाळेन.

छोटूचं आठवलं. ज्याच्या भावंडाला हे आहे अशा साधारण चार मुलांतल्या एकाला ते असतं. त्याची सोनोग्राफी एकदा करून घ्या, आणि त्याला ताप आला की लघवी. तो पाच महिन्यांचा आहे, त्याला सांगता येत नाही.

आणि ऑपरेशन झालं म्हणजे प्रकरण मिटलं असंही धरू नका. उलटं जाणं थांबेल, खाच तशीच राहील. दर वर्षी तिचं बीपी, उंची-वजन, लघवीतलं प्रोटीन बघायला लागेल, ती मोठी होईपर्यंत आणि नंतरही. व्रण असलेली किडनी बीपी वाढवू शकते, आणि वाढलेलं बीपी किडनीचं आणखी नुकसान करतं. मुलगी असेल तर गरोदरपणात फार जपावं लागतं.

झालं. आलेच तिथे.

मनू, तुझं बीपी मोजलंस का?

आईबापांपैकी एकाला रिफ्लक्स असेल तर साधारण तीनातल्या एका मुलाला तो असतो. ओवीचं निदान झालं त्या रात्री मला झोप आली नाही ती ओवीसाठी, असं तुला वाटलं. अर्धी ओवीसाठी होती. मला तुझं ते दुपटं आठवलं होतं. मग पहाटे उठून मी कपाटातली तुझी बाळंतपणाची फाईल काढली. ओवीच्या वेळी सातव्या महिन्यात तुझ्या उजव्या कुशीत दुखलं होतं, तेव्हा पोटाची सोनोग्राफी केली होती, आठवतंय? डावी किडनी ११.४ सेंटिमीटर. उजवी ७.९, कड खडबडीत. खाली लिहिलंय, पुढे तपासणी करावी. कोणी केली नाही. आठव्या महिन्यात तुझं बीपी १५०/१०० झालं, गोळ्या सुरू झाल्या, ओवी तीन आठवडे आधी आली, आणि सगळे तिच्यामागे लागलो. छोटूच्या वेळी पुन्हा तेच. दोन्ही वेळा सांगितलं, गरोदरपणातलं आहे, उतरेल. उतरलं का? मोजलं कोणी?

मी निदान करत नाही, ते माझं काम कधीच नव्हतं. मी प्लेट लावायचे आणि दिसेल ते लिहायचे. दिसतंय ते लिहिते: दोन किडन्यांत साडेतीन सेंटिमीटरचा फरक आहे, आणि लहानपणी जिची लघवी कोणी पाहिली नाही अशी एक मुलगी आहे. हे मी तुला अडीच वर्षं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्या तापांचंही सांगावं लागलं असतं. परवा तुझ्यावर ओरडले तेही त्यातूनच. ओवीला हात लावू नका असं मी म्हणत होते तेव्हा मला तुझी उजवी किडनी दिसत होती. दोन गोष्टी एकात एक अडकल्या. माझं चुकलं.

ओवीला ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधी तू एवढं कर: बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि सोनोग्राफी. एका सकाळचं काम आहे. ती झोपेतून उठली आणि आई दिसली पाहिजे, हे खरं. पण ती वीस वर्षांची होईल तेव्हाही दिसली पाहिजे.

बाबा विचारताहेत, एवढं काय लिहितेस. त्यांनी ओवीसाठी लाकडी पाट तासून ठेवलाय, पाय टेकायला, कडा गोल करून. पार्सलमध्ये तो आहे. त्याच्याखाली तुझ्या त्या सोनोग्राफीची झेरॉक्स, दुसऱ्या पानावर पेन्सिलीने खूण केलीय. आणि बीपीचं मशीन, सेल आत घातलेत. पट्टा दंडाला बांधून पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बस, तेवढा वेळ छोटूला निखिलकडे दे, मग बटण दाब. आकडा मला पाठव. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल, नुसता आकडा.

तुझी,
आई